लाल आणू का उन्हाळी?

"उद्या येताना घरून एकेक कांदा आणा," असं सातवीच्या वर्गाला सांगितलं, तर मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, लाल आणू का उन्हाळी?"

मी पुण्यात वाढलेली. आमच्याकडे कांदा म्हणजे कांदा. पोळ, रांगडा, उन्हाळी हे हंगामानुसार कांद्याचे प्रकार मला निफाड तालुक्यात विज्ञान शिकवायला आल्यावर कळले, तेही वर्गात, पोरांकडून. "कुठलाही आण," म्हटलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर कांद्यांचा ढीग, आणि एकाच्या हातात दोनेक किलोची पिशवी. "पप्पा म्हणले, राहिलेले बाईंना घरी राहू दे."

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. खिडकीशी ठेवायचा, खालचा आरसा उजेडाकडे वळवायचा आणि समोर रांग लावायची. कांद्याची पाकळी वाकवून मोडली की आतल्या बाजूने पातळ पापुद्रा सुटतो. तो काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर सॅफ्रानिन या लाल रंगाचा थेंब, आणि मग कव्हरस्लिप. ही तिरकी टेकवून अलगद सोडायची. धपकन टाकली की हवा अडकते, आणि पोरं नेमकी धपकन टाकतात. मग भिंगातून पहिल्यांदा दिसतो तो ठसठशीत काळ्या कडेचा, मध्ये लख्ख पांढरा गोल. "दिसली! बाई, पेशी दिसली!" तो हवेचा बुडबुडा असतो. खऱ्या पेशी त्याच्या मागे विटांसारख्या लांबट, एकमेकींना चिकटून, कडेला केंद्रकाचा गुलाबी ठिपका घेऊन गुमान बसलेल्या असतात.

वह्या तपासायला घेतल्या तर सगळ्यांनी पुस्तकातलीच पेशी उतरवलेली. मधोमध केंद्रक, शिवाय आमच्या सूक्ष्मदर्शकातून बापजन्मात न दिसणाऱ्या तंतुकणिकासुद्धा! एकीच्या वहीत मात्र वेड्यावाकड्या विटा, त्यावर एक मोठा गोल आणि बाण काढून लिहिलेलं, 'हवा'. शेजारी चार काळे फराटे. "हे काय?" "माझ्या पापण्या, बाई. मधे मधे येत होत्या." मी तिला पैकीच्या पैकी दिले. माझ्या सातवीत मी बुडबुड्यालाच 'केंद्रक' असं नाव दिलं होतं, आणि शेऱ्यात 'छान' मिळवलं होतं.

"रंग लावायचाच कशाला? लालच कांदा घ्या ना," हेही तिनेच सुचवलं. इतकी वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं. लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरच्या बाजूचा पापुद्रा काढला, आणि एकही थेंब रंग न घालता जांभळ्या पेशी समोर. हा रंग पेशीच्या आतल्या रिक्तिकेत, पाण्याच्या टाकीत विरघळावा तसा भरलेला असतो. मग जरा चेव चढला. खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून चिमूटभर मीठ आणलं, पाण्यात कालवलं आणि कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडून दुसऱ्या कडेला टीपकागद लावला. दोन-तीन मिनिटांत आतला जांभळा गोळा भिंतीपासून सुटून आकसायला लागला. "बाई, पेशी रुसली!" रांग मोडली. मी फळ्यावर 'परासरण' लिहायला खडू उचलला, तोवर कुणीतरी सांगूनही टाकलं, "कोशिंबिरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तेच झालं हे." तेच. साधं पाणी सोडल्यावर काही पेशी पुन्हा फुगल्या, काही नाही फुगल्या.

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात ज्या पेशी दाखवल्या त्या मेलेल्या होत्या, नुसत्या रिकाम्या खोल्यांच्या भिंती. आपल्या कांद्याच्या मात्र जिवंत आहेत, असं मी सांगत होते. त्यावर एकाने विचारलं, "मग चाळीत साठवलेला कांदा? तोपण जिवंत?" मी सजीवांची लक्षणं एकेक करून सांगायच्या बेतात होते. पिशवीवाल्याने वाट पाहिली नाही. "जिवंतच ना. नाहीतर घटला कशाला असता? भरताना जेवढा भरतो, तेवढा दिवाळीला निघतोय का? आणि गरम होतो म्हणून तर चाळीला खालून-बाजूने हवा ठेवायची." साठवलेला कांदा श्वसनात आपली साखर जाळतो, पाणी गमावतो, ऊब सोडतो. माझ्या टिपणात याहून जास्त काही नव्हतं. फक्त 'श्वसन' हा शब्द तेवढा मी पुरवला.

मग कोंब आलेला एक उन्हाळी कांदा पाण्याच्या ग्लासवर टेकवून खिडकीत ठेवला. कांदा पांढरा आणि त्याचीच पात हिरवी कशी, हरितद्रव्य नेमकं कुठून सुरू होतं, ते पापुद्रा काढून बघायचं ठरलं. पात चांगली वीतभर झाली. बुधवारी मधल्या सुट्टीनंतर वर्गात आले तर ग्लास जागेवर, कांदा जागेवर, पात बुडख्यापासून खुडलेली. खाली बाजरीच्या भाकरीचा चुरा.

"कोणी खाल्ली?"

अख्ख्या वर्गाने तोंडं घट्ट मिटून घेतली. वास मात्र खिडकीपर्यंत येत होता.