माडी पाहुण्यांसाठी तयार (जवळजवळ)

दिवाळीच्या सुट्टीचे पहिले पाहुणे उद्या पुण्याहून गुहागरला येतायत. राज्याच्या पर्यटन खात्याच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदणी झाली, आता माघार नाही! पावसाळाभर बंद असलेल्या माडीवरचं कपाट उघडलं, तर बुरशीचा असा भपकारा आला की विचारू नका. आतून व्हिनेगरने पुसलं, उन्हं लागेपर्यंत दारं सताड उघडी ठेवली, मग कापराच्या वड्या टाकल्या. गाद्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उन्हाला. खाऱ्या हवेने खिडक्यांच्या बिजागऱ्या पार खाल्ल्यात. तेल घातलं तरी एक कुरकुरतेच. कुरकुरू दे.

खरी कसोटी आईची. “घरी आलेल्याला पोहे घालून पैसे घ्यायचे?” हे तिला काही केल्या पटत नाही. वर रुखवतातली भरतकामाची चादर पाहुण्यांना अंथरायला काढली! मी गुपचूप ती परत ट्रंकेत ठेवून पांढरी सुती घातली. डाग पडला तर उकळत्या पाण्यात टाकता येते, सोप्पं काम.

न्याहारीला घावनं ठरलीत. बिडाचा तवा आईने स्वतःच घासून ठेवलाय, म्हणजे राग तसा वरवरचाच.

बाकी, डबलबेडची मच्छरदाणी कुणाकडे जास्तीची आहे का? संध्याकाळी येऊन नेतो.