दुबार बहार

आमच्या घराच्या पूर्वेकडच्या भिंतीलगत बारा फूट लांब आणि दोन फूट रुंद असा एक वाफा आहे आणि गेली सहा वर्षे मी त्यात डे लिली लावते आहे. नाशिकच्या रोपवाटिकेत जाऊन नुसती ‘लिली’ मागितली, तर बहुधा कोळ्याच्या पायांसारख्या लांब पांढऱ्या पाकळ्यांची स्पायडर लिली पुढे येते, नाहीतर पहिल्या सरींबरोबर फुलणारी गुलाबी रेन लिली. आणि माळी फारच उत्साही असला, तर मे महिन्यात एकदा लाल चेंडू दाखवून उरलेले वर्ष गप्प बसणारी फुटबॉल लिली तो पिशवीत घालून देतो. मला हवी होती ती यांपैकी एकही नव्हती. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तर डे लिली ही लिलीच नव्हे, कारण खऱ्या लिलीसारखा कांदा तिला नसतो. तिचा ठोंब असतो, म्हणजे पंख्यासारखी पसरलेली पाने आणि खाली शतावरीच्या मुळांची आठवण करून देणाऱ्या, मधेच फुगलेल्या मुळ्यांचा गुंता.

लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला ‘हेमेरोकॅलिस’ हे नाव दिले. त्यातले दोन्ही शब्द ग्रीक आहेत; एकाचा अर्थ दिवस आणि दुसऱ्याचा सौंदर्य. नाव अगदी हिशेबी आहे, कारण सकाळी उमललेले फूल रात्र होईतो मिटते आणि पुन्हा उघडत नाही. पहिले फूल आले तेव्हा सासूबाईंनी ते देवासमोर ठेवण्यासाठी मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तबकात त्याचा झालेला लगदा पाहून म्हणाल्या, “अगं, शिळं फूल देवाला चालत नाही म्हणतात, हे तर शिळं व्हायलाही थांबत नाही.” त्यांना फुलाचा राग आला होता की कौतुक वाटले होते, हे त्यांच्या आवाजावरून ठरवणे अवघड होते.

मग एवढ्या क्षणिक फुलासाठी वाफा का अडवायचा, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर दांड्यावर असते. एकेका दांड्यावर दहा-पंधरा कळ्या असतात, त्या एकामागून एक उमलतात आणि एका ठोंबाला तीन-चार दांडे आले की महिनाभर रोज सकाळी काही ना काही उघडलेले सापडते. माझ्या वाफ्यात आज पिवळी, जर्दाळूच्या रंगाची आणि गडद मरून अशा तीन जाती आहेत. त्यांतली मरून सकाळी आठ वाजता मखमलीसारखी दिसते आणि एप्रिलमधल्या उन्हात दुपारी एकपर्यंत तिच्या पाकळ्या मेण वितळावे तशा होतात. गडद रंगांना दुपारची सावली लागते, ही गोष्ट मी दोन उन्हाळे वाया घालवल्यावर शिकले आणि तिला शेवग्याच्या आडोशाला हलवली.

रोज सकाळी चहाच्या आधी माझे एक काम असते. काल फुललेली फुले आज ओल्या टिश्यू पेपरसारखी लोळागोळा होऊन दांड्याला चिकटलेली असतात, ती खुडायची. नुसत्या पाकळ्या ओढून भागत नाही. त्यांच्या बुडाशी असलेली हिरवी बारीक गाठ बोटांच्या चिमटीत धरून मोडावी लागते आणि ती ‘टक्’ असा आवाज करून सुटते. गाठ राहिली तर तिची तीन कप्प्यांची बोंडे होतात, त्यांत चकचकीत काळे बी धरते आणि झाड आपली ताकद त्या बियांवर खर्च करते. पिवळ्या फुलांपेक्षा मरून फुलांचा रंग बोटांवर अधिक चढतो आणि त्या दिवसांत माझी उजव्या हाताची दोन बोटे पान लावणाऱ्याच्या बोटांसारखी दिसतात. खुडलेल्या फुलांसाठी मी एक जुनी परडी ठेवली आहे. देवाला न वाहताच गेलेल्या या फुलांना निर्माल्य म्हणावे की नाही, यावर आमच्या घरात एकदा गंभीर चर्चा झाली आणि ती परडी शेवटी खतातच रिकामी होते, एवढ्यावर ती मिटली.

डे लिलीच्या काही जाती वर्षातून एकदाच फुलतात आणि काही जाती पहिला बहार संपल्यावर नवे दांडे काढून पुन्हा फुलतात. या दुसऱ्या प्रकारात जगभर गाजलेले नाव म्हणजे ‘स्टेला दे ओरो’. वॉल्टर जाब्लोन्स्की या अमेरिकी संकरकाराची ही बुटकी, सोनेरी जात १९७५ साली नोंदली गेली आणि १९८५ साली तिला डे लिलीच्या जगातले सर्वोच्च मानले जाणारे स्टाउट रौप्यपदक मिळाले. पुढे डॅरेल अ‍ॅप्स यांनी तिच्याच संकरातून ‘हॅपी रिटर्न्स’ ही लिंबोणी रंगाची जात काढली. ही वर्णने वाचून मी हुरळले आणि स्टेलाची दोन रोपे टपालाने मागवली. माझ्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की स्टेला ही हिवाळ्यात पाने गाळून झोपणारी जात आहे आणि तिला तशी झोप नीट लागावी लागते. नाशिकची थंडी कमी नाही. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. पण ती थंडी चार दिवस येते, आठ दिवस जाते आणि मकरसंक्रांतीनंतर दुपारी स्वेटर काढावा लागतो. माझी स्टेला अर्धवट झोपेतून उठवलेल्या माणसासारखी वर्षागणिक चिरचिरी होत गेली आणि तिसऱ्या पावसाळ्यात आमच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत कुजली. तेव्हापासून मी वर्षभर पाने हिरवी ठेवणाऱ्या जातीच लावते आणि वाफा जमिनीपासून वीतभर उंच करून त्यात वाळू मिसळते.

या सदाहरित जातीही पुन्हा फुलणाऱ्या म्हणूनच विकल्या गेल्या होत्या. मार्च-एप्रिलमध्ये त्या भरभरून फुलल्या आणि मग गप्प झाल्या. त्या सुमारास माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, सटाण्याहून आले होते. त्यांची डाळिंबाची बाग आहे आणि बहार या विषयावर त्यांच्यासमोर बोलण्याची आमच्या घरात कोणाची प्राज्ञा नाही. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार यांपैकी जो धरायचा, त्याआधी महिना-दीड महिना पाणी तोडायचे, पानगळ होऊ द्यायची, छाटणी करायची आणि मग पाणी सोडायचे, की झाड फुलांनी लगडते, हे त्यांनी चाळीस वर्षे करून पाहिलेले आहे. वाफ्याकडे एक नजर टाकून त्यांनी निदान केले, “तू लाड फार करतेस. ताण दे त्याला. ताण दिल्याशिवाय बहार धरत नाही.”

मी ताण दिला. मे महिना धरून, पारा चाळिशीत असताना, पस्तीस दिवस वाफ्याला पाणी घातले नाही. पानगळ झाली नाही, कारण डे लिलीची पाने गळत नाहीत. ती टोकाकडून वाळत बुडापर्यंत गवती चहाच्या पेंढीसारखी झाली. पावसाळ्यात ठोंब जगले, पण त्या वर्षी दिवाळीपर्यंत एकही दांडा आला नाही. दाजींना फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, “ताण कमी पडला असेल.”

कारण उलगडले ते नोव्हेंबरात. ठोंब दाटले होते म्हणून मी ते खणून काढले, पाने वीतभर ठेवून कापली, मुळे पाण्याने धुतली आणि फुटवे हाताने एकमेकांपासून सोडवायला बसले. एप्रिलमध्ये फुललेला दांडा जिथून निघाला होता, तिथे आता वाळक्या काडीचा खुंट उरला होता आणि त्याला खेटून दोन्ही बाजूंना दोन कोवळे फुटवे होते, बोटाएवढे आणि बुडाशी पांढरे. तो खुंट हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. डे लिलीच्या कोंबाचे टोकच दांडा होऊन वर जाते आणि फुलून संपते. त्या टोकातून दुसरा दांडा कधीच येत नाही. पुढची पाने आणि पुढची फुले देतात ते शेजारचे नवे फुटवे. ज्या जातीत हे फुटवे झपाट्याने वाढून त्याच वर्षी वयात येतात, तिला आपण पुन्हा फुलणारी म्हणतो. म्हणजे दुबार बहार खरे तर त्याच कोंबाचा नसतोच; धाकटी भावंडे त्या वर्षीच हाताशी आली, एवढाच त्याचा अर्थ असतो. त्या भावंडांना नेमके वाढीच्या दिवसांत मी पस्तीस दिवस उपाशी ठेवले होते.

त्यापेक्षा मखमलाबादच्या द्राक्षबागायतदाराला विचारले असते तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटले. द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते ती नवी काडी तयार करण्यासाठी, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फळ येते ते त्या काडीवर. मधले सहा महिने काडीला जोपासावे लागते. माझ्या वाफ्याचे गणित त्याच्या अधिक जवळचे होते. पुढच्या वर्षी पहिला बहार ओसरताच मी प्रत्येक ठोंबाला दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड दिली, उसाच्या पाचटाचे आच्छादन घातले आणि मे महिनाभर एक दिवसाआड संध्याकाळी पाणी दिले. मावा पडला तेव्हा निंबोळी अर्क फवारला आणि बोंड एकही धरू दिले नाही. शेजारचा बोका मात्र या उस्तवारीच्या काळात कुंपणाबाहेरच ठेवावा लागला. डे लिली मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असते आणि त्याला हिरवी पाने चघळण्याची खोड आहे.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी पिवळीच्या पंख्यातून पेन्सिलीएवढे एक टोक वर आले. पाने चपटी असतात आणि दांडा गोल असतो, म्हणून बोटांनी चाचपून खात्री केली. दसऱ्यापर्यंत पिवळीला चार आणि जर्दाळूला दोन दांडे आले. मार्चपेक्षा ते बुटके होते, कळ्याही आठ-नऊच होत्या. पण आश्विनातल्या उन्हात फूल संध्याकाळी सातपर्यंत टवटवीत राहिले, जे एप्रिलमध्ये कधी घडले नव्हते. सासूबाई आता संध्याकाळीच कळ्या मोजून ठेवतात आणि उद्या देवाला किती मिळतील, ते सांगतात. मरून मात्र अजून दुसऱ्यांदा फुललेली नाही.

दिवाळीत दाजी आले तेव्हा शेवटच्या दोन कळ्या उरल्या होत्या. त्यांनी वाफ्याशी उकिडवे बसून दांडा वाकवून पाहिला, आच्छादन बाजूला सारून ओल पाहिली आणि ताणाविषयी एक शब्दही न काढता दोन फुटवे मागितले. ते त्यांनी सटाण्याला डाळिंबाच्या पहिल्या ओळीच्या टोकाला, ठिबकच्या शेवटच्या ड्रिपरखाली लावले आहेत. बहारासाठी ठिबक बंद करायची वेळ आली की त्या दोघांचे काय करायचे, हे त्यांचे अजून ठरलेले नाही; बहीण म्हणते की तोवर घरातला एक जुना तांब्या बागेत जाऊन पडला आहे.