ओर्ता खरंच ज्यू होता का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फोर्टातल्या जुन्या वास्तू दाखवताना टाउन हॉलच्या मागे गार्सिया द ओर्ताचं नाव निघालं, की हा प्रश्न हमखास येतो.

ओर्ता पोर्तुगीज वैद्य. १५३४ साली गोव्यात आला, मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्यानं होतं. औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात तो मुंबईच्या आपल्या आंब्याबद्दल सांगतो: झाड वर्षातून दोनदा फळतं, एकदा नाताळच्या सुमारास, एकदा मेअखेर. ओसरीवर बसून कुणी कौतुकानं सांगावं, तसं ते पान आहे. घरातल्या शनिवारबद्दल, म्हणजे ज्यूंच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाबद्दल, मात्र पुस्तकात अवाक्षर नाही. कसं असेल?

आईवडील सेफार्डी, म्हणजे स्पेनकडचे ज्यू. १४९२ मध्ये तिथून हाकलले गेले, पोर्तुगालात आले आणि १४९७ मध्ये पोर्तुगालनं अशा सगळ्यांचा बळजबरीनं बाप्तिस्मा केला. ओर्ता कागदोपत्री ख्रिस्तीच जन्मला आणि १५६८ मध्ये मानानं गेला. त्याच वर्षी बहीण कातारीना हिला इन्क्विझिशननं, म्हणजे धर्मद्रोही शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयानं, लपून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून धरलं. १५६९ मध्ये गोव्यात तिला जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडंही उकरून जाळली.

हे घराणं इन्क्विझिशनच्या कागदांतून उलगडणाऱ्यांत इस्राएल साल्वातोर रेवा हे फ्रेंच अभ्यासक मला फार मोठे वाटतात. ओर्ताच्या कुटुंबावरचा त्यांचा लेख १९६० चा. पुढे १९७१ मध्ये लिस्बनच्या एका दैनिकात त्यांचा पोर्तुगीज इतिहासकार आंतोनियो जुझे सरायवांशी जाहीर वाद झाला. सरायवांचं म्हणणं, इन्क्विझिशन ज्यू शोधत नव्हतं, घडवत होतं. छळाखालच्या कबुलीला पुरावा कसं म्हणायचं? रेवा म्हणाले, हे कागद नीट वाचले तर विश्वासार्ह आहेत, नवख्रिस्ती, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या ज्यूंच्या, घरांतला ज्यू धर्म खरा होता.

सरायवांचा प्रश्न मला आजही छळतो. तरी मी रेवांच्या बाजूचा. ओर्ताच्या बहिणींना १५४७ मध्येच लिस्बनला अटक झाली होती. सुटल्यावर त्या भावाकडे गोव्याला आल्या. म्हणजे संशय गोव्यात जन्मला नव्हता, तो घरामागोमाग समुद्र ओलांडून आला होता. म्हणून माझं उत्तर, हो, होता.

फक्त हे आपल्याला कळतं ते कातारीनाच्या आणि तिच्या आप्तांच्या कोठडीतल्या जबान्यांतून. त्यामुळे टाउन हॉलच्या मागे उभा राहिलो की आता मी आधी तिचं नाव सांगतो, मग आंब्याचं.