दोन राउंड

गणपतीची चवथ जवळ आली की पेडण्यातल्या माझ्या गॅरेजात दोनच तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. वायपर चालत नाही म्हणणारी, आणि मुंबईचे पाहुणे यायच्या आत एसी करून द्या म्हणणारी. मधल्या वेळात मी फोन घेऊन बसतो. असाच बसलो असताना पुतण्याचा फोन आला. तो अमेरिकेत शार्लटला असतो. तिथलं नॅस्कारचं, म्हणजे मोटार शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचं, संग्रहालय बघून आला होता. "काका, एक टॅक्सीवाला सापडलाय. गाडी पण तोच पळवायचा आणि दुरुस्त पण तोच करायचा. तुम्हाला आवडेल."

आवडला. पंधरा दिवस झाले, त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतोय.

वेंडेल स्कॉट. जन्म १९२१, गाव डॅनव्हिल, व्हर्जिनिया. कृष्णवर्णीय. त्या गावात काम म्हणजे कापडगिरणी नाहीतर तंबाखू. दोन्हीकडे जायचं नव्हतं म्हणून हा टॅक्सीवर बसला. महायुद्धात युरोपात लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या, परत येऊन गॅरेज टाकलं, आणि जोडीला रात्री चोरटी दारू वाहू लागला.

इथं मला हसू आलं. हे दारू वाहणारे मागचे स्प्रिंग कडक करून घेत, म्हणजे माल भरला तरी गाडी मागं बसत नाही आणि पोलिसाच्या नजरेत येत नाही. हेच काम मी म्हापशाला उस्तादांकडे शिकत असताना केलंय. गोव्यात दारू स्वस्त, पत्रादेवीची हद्द ओलांडली की महाग, मग काय होणार? रात्री एखादी अँबॅसिडर यायची. कुणाची, ते विचारायचं नाही. मागच्या पाट्यांत एक पाटा जादा घालायचा, यू-बोल्ट आवळायचे, पैसे रोख. भरलेली गाडी अगदी सरळ चालायची. रिकामी मात्र शेपूट वर केलेल्या वासरासारखी दिसायची. उस्ताद म्हणायचे, "पोलीस हुशार असेल तर जाताना नाही, येताना धरील."

स्कॉटला धरलं १९४९ साली, एकदाच. पण गंमत पुढं आहे. १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या शर्यतवाल्यांना लोक खेचायला एक काळा ड्रायव्हर हवा होता. ते चौकशीला गेले कुठं, तर पोलिसांकडे! पोलिसांनी स्कॉटचं नाव सांगितलं. इतक्या वेळा त्याच्यामागं धावून एकदा सोडून हाती लागला नव्हता, याहून मोठी शिफारस कुठली?

स्टॉक कार म्हणजे रस्त्यावरच्या गाडीवरून बेतलेली शर्यतीची गाडी. स्कॉट नॅस्कारच्या वरच्या गटात पहिल्यांदा उतरला १९६१ च्या मार्चमध्ये. आमचा गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, आणि माझा जन्मही त्याच सालचा. बाकीच्यांमागं मोठ्या कंपन्यांचे पैसे. याच्याकडे दुसऱ्यांनी वापरलेल्या गाड्या, जुने टायर, आणि मदतीला स्वतःची पोरं. गाडीच्या पुढच्या मडगार्डवर त्यानं रंगवून घेतलं होतं : 'मेकॅनिक : मी'.

लोक त्याची ती एक जिंकलेली शर्यत सांगतात. मला त्याचा हिशेब जास्त मोठा वाटतो. ४९५ शर्यती, त्यांतल्या १४७ मध्ये पहिल्या दहात. जुन्या इंजिनावर! शंभर मैल फुल रेसमध्ये इंजिन पळवून ते फुटू द्यायचं नाही, कारण फुटलं तर पुढच्या आठवड्यात दुसरं आणायचं कुठून, हे डोक्यात ठेवून गाडी चालवणं म्हणजे काय ते ज्याचे हात ऑइलमध्ये गेलेत त्याला विचारा. नुसता जोरात पळवणारा कुणीही असतो. आमच्या मोपा रस्त्यावर रोज चार दिसतात.

आता ती शर्यत. १ डिसेंबर १९६३, जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. (आठच दिवसांनी, ९ तारखेला, गोव्यात पहिली निवडणूक झाली. आमच्याकडे मतं मोजायची तयारी, तिकडे फेऱ्या मोजल्या जात होत्या.) स्कॉटची ३४ नंबरची शेव्हरोले, नेड जॅरेट या दुसऱ्या ड्रायव्हरकडून घेतलेली जुनी. शेवटी रिचर्ड पेटीची गाडी कुरकुरू लागली, स्कॉट पुढं गेला आणि दोन फेऱ्यांनी जिंकला. पण जिंकल्याचा झेंडा पडेना. विजेता म्हणून नाव पुकारलं ते बक बेकरचं. काही तासांनी, माणसं पांगल्यावर, मोजणीत चूक झाली असं मान्य केलं. तोवर बेकर चषक घेऊन गेला होता.

मोजणीत चूक कशी होते ते मला माहीत आहे. १९८४ ची चवथ. आमच्या युवक मंडळानं देवळाच्या मैदानात सायकल शर्यत ठेवली, वीस राउंड, चौदा पोरं. मोजायला मी, बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा आणि एक पेन्सिल. मध्येच एकाची चेन पडली. मेकॅनिकच मी, राहवेना. धावत जाऊन चेन बसवली, हात पुसले, परत येऊन मधल्या रेघा अंदाजानं ओढल्या. बक्षिसाच्या वेळी एक पोरगा म्हणाला, "माझे वीस झाले होते, मी एकविसावा मारत होतो." मोठ्यांनी त्याला गप्प केलं. मीही गप्प बसलो. रात्री पुठ्ठा काढून बघितला तर त्याच्याच ओळीत अंदाजाची एक रेघ कमी पडलेली. सकाळी ज्याला कप दिला त्याच्या घरी गेलो. कप गणपतीपाशी ठेवलेला. त्याच्या आईनं एक शब्द न बोलता तो उचलून माझ्या हातात दिला. ती नजर अजून आठवते.

म्हणून आधी वाटलं, झाली असेल चूक. पण चौदा पोरांना माझा एक पुठ्ठा होता. नॅस्कारमध्ये तेव्हा हातानं मोजत, तरी प्रत्येक गाडीला वेगळा माणूस असे. स्वतः स्कॉटचं म्हणणं असं, की गोऱ्या सौंदर्यराणीनं विजेत्याचा मुका घ्यायची पद्धत होती आणि तो मान काळ्याला मिळणं त्यांना नको होतं.

पुढं १९७३ साली टॅलाडेगाला वीसेक गाड्यांच्या ढिगात तो सापडला. कमरेचं हाड, बरगड्या मोडल्या. त्यानंतर शर्यत जवळपास संपलीच. १९९० मध्ये तो गेला. २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नॅस्कारच्या मानकऱ्यांत, नाव लागलं, आणि जॅक्सनव्हिलचा चषक कुटुंबाच्या हातात पडला २०२१ च्या ऑगस्टमध्ये.

तो एकविसावा राउंडवाला पोरगा आता मोपा विमानतळावर टॅक्सी मारतो. परवा ऑइल बदलायला आला तेव्हा गाडी रॅम्पवर असताना त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"किती राउंडनी जिंकला होता म्हणालात, मेस्त्री?"

"दोन."

"माझा एकच होता," तो म्हणाला, आणि ऑइल फिल्टर नवा घातला का ते वाकून बघायला लागला.