सरांचा गेज ३३ दाखवत होता

मे महिन्यातली गोष्ट आहे, पण डोक्यातून जातच नाही म्हणून लिहून काढतोय. आमचं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान जालना रोडला, छत्रपती संभाजीनगरात. समृद्धीचा सावंगीचा इंटरचेंज जवळच, त्यामुळे उन्हाळ्यात नागपूरला निघालेल्या गाड्या आदल्या दिवशी हवा चेक करायला येतात.

एक रिटायर्ड सर आले, ओळखीचे. गाडी हॅचबॅक, टायर जेमतेम २२ हजार किलोमीटर चाललेले. मी टायरची नक्षी किती उरली ते मोजणारा डेप्थ गेज लावला तर मधे ५ मिलिमीटर आणि दोन्ही कडांना २. कायद्याने १.६ ला टायर बाद. दोन्ही कडा सारख्या घासल्या म्हणजे हवा कमी, यात अलाइनमेंटचा दोष नाही. सरांना म्हटलं, सर, तुम्ही महिनोन्‌महिने कमी हवेवर गाडी चालवलीय. तर ते दुखावलेच. "अहो, मी दर पंधरा दिवसांनी सकाळी गार टायरला स्वतः बघतो, ३३ असते," म्हणाले, आणि डिकीतून हवा मोजायचा स्वतःचा गेज काढून दाखवला. पंपावरच्या मशीनवर भरवसा नाही म्हणून मुद्दाम विकत घेतलेला.

गाडी रात्री दुकानातच ठेवून घेतली, कारण गाडी चालून आली की टायर तापतो आणि हवा ३-४ पॉइंट, म्हणजे पीएसआय, जास्त दाखवते. सकाळी सातला आधी माझा मास्टर गेज, म्हणजे ज्याच्याशी बाकीचे ताडायचे तो, लावला, २६. मग सरांचा, ३३. परत मास्टर, साडेपंचवीस, कारण प्रत्येक वेळी निप्पलमधून थोडी हवा जातेच, म्हणून मास्टर आधी आणि शेवटी असा दोनदा लावायचा. म्हणजे सात पॉइंटचा फरक, आणि या हवेवर माणूस बायको-नातवंडांना घेऊन १२० च्या स्पीडने नागपूरला जाणार होता!

आता तो गेज नीट बघा. डायल २२० पर्यंतची, ट्रकवाल्यांसाठी ठीक. कारचं ३३ त्यात पार सुरुवातीच्या कोपऱ्यात येतं, एक रेघ ५ पॉइंटची आणि काटाच दोन पॉइंट जाड. त्यात शून्याजवळ एक खिळा असतो, काटा त्याला टेकून बसतो. गेज कधी पडला, आतली नळी वाकली, तरी काटा खिळ्यामुळे शून्यावरच दिसू शकतो, मग माणसाला कळणार कसं? डायलचा गेज मधल्या भागात सगळ्यात बरोबर दाखवतो, म्हणून कारसाठी ६० पर्यंतचाच घ्यावा, मोठी डायल, रबरी पाइप, हवा सोडायचं बटन आणि शक्यतो बिनखिळ्याचा. चार-सहाशेत चांगला मिळतो. डिजिटल वाईट नाही, पण ३३.४ असा आकडा दिसला की लोकांना वाटतं एकदम अचूक, तसं काही नसतं, पॉइंटनंतरचा आकडा दाखवणं वेगळं आणि बरोबर दाखवणं वेगळं. गिऱ्हाईक नायट्रोजनवर अर्धा तास वाद घालतं, मोजायच्या वस्तूबद्दल मात्र कोणी एक प्रश्न विचारत नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

मग सरांनी साधा प्रश्न विचारला, "तुमचं ते हवा भरून झाली की टूंटूं वाजणारं मशीन कितपत बरोबर आहे?"

मशीनवर ३३ सेट करून चारही चाकं भरली, आवाज आला, मास्टर लावला. ३०.

पोरं गप्प. हे मशीन मास्टरशी दर महिन्याला ताडून बघायचं असा माझाच नियम, आणि दिवाळीपासून ते राहूनच गेलं होतं. मास्टर दरवर्षी लॅबला पाठवतो, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय, आणि त्याच्याच खाली हे मशीन रोज तीन पॉइंट कमी भरत होतं, किती महिने ते मलाही सांगता येणार नाही.

सरांची हवा हातानं ३३ केली, पुढचे दोन टायर बदलले, मजुरी घेतली नाही. नवा गेज मास्टरशी ताडूनच त्यांच्या हातात दिला. आता शटर उघडलं की पहिलं मशीन ताडायचं आणि आकडा वहीत लिहायचा, मगच पहिली गाडी घ्यायची.

ज्यांचे नंबर बिलबुकात सापडले त्यांना फोन लावतोय, एकदा येऊन हवा चेक करून घ्या म्हणून. बरेच जण म्हणतात, "अहो शेठ, तुमच्याकडेच तर भरली होती."