घरचा रेकॉर्डर: डिस्क झाली, डिश झाली, आता दुसरा ट्यूनर

जुन्या एचडी रेकॉर्डर बॉक्सचं काय झालं ते आधी सांगतो, कारण तसा बॉक्स बऱ्याच जणांकडे अजून पडून असेल. आतली ५०० जीबीची डिस्क काढून पीसीला लावली आणि स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे पाहिले. ५ नंबरचे रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि १९७ नंबरचे पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या, निकाल बाकी असलेल्या जागा), दोन्ही वाढत चालले होते. यात नवल नाही. तुम्ही रेकॉर्डिंग लावा किंवा लावू नका, लाइव्ह पॉजसाठी हा बॉक्स चालू असेपर्यंत डिस्कवर लिहीतच असतो. दुसरी डिस्क बसवली, बॉक्सने ती स्वतःच फॉरमॅट करून घेतली आणि मेन्यू पुन्हा झटपट चालायला लागला. पण आधीची रेकॉर्डिंग गेली ती गेलीच. ती त्या बॉक्सच्याच किल्लीने बंद केलेली असतात. डिस्क शाबूत असली तरी दुसरीकडे उघडत नाहीत. आईने सह्याद्रीवरचे जपून ठेवलेले कार्यक्रम त्यातच होते.

तिथेच माझं ठरलं. बॉक्स मरेल, डिस्क मरेल, पण रेकॉर्डिंग साध्या फाइलमध्ये आपल्या ताब्यात हवं. ही ओढ जुनीच आहे. अमेरिकेत १९९९ साली टिवो हा घरगुती टीव्ही रेकॉर्डर आला, आत लिनक्स होतं, आणि डिस्क मोठी करून घेणारे हौशी लोक लगेच तयार झाले. पुढच्या मॉडेलांत बदललेलं सॉफ्टवेअर चालूच होऊ नये अशी तपासणी आली, आणि २००७ च्या जीपीएलच्या (मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या) तिसऱ्या आवृत्तीत त्या प्रकाराविरुद्ध कलम घातलं गेलं.

आता माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, डिशचा सिग्नल घेणारा एक यूएसबी डीव्हीबी-एस२ ट्यूनर आणि त्यावर टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे. सिग्नल दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशचा. सह्याद्री तिथे कुलपाशिवाय येतं, त्यामुळे कोणाचं काही तोडायचा प्रश्नच नाही.

डिस्कबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख तिथेच आहे. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर एवढाच करंट मिळतो. ट्यूनर लावला की त्यात डिस्क ओढायला फारसं काही उरत नाही. म्हणून ३.५ इंची ४ टीबीची डिस्क वेगळ्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर, स्वतंत्र केसमध्ये घेतली. लॅमिंग्टन रोडला दोन दुकानं फिरून सीएमआर पद्धतीचीच (लिहिण्याचे ट्रॅक एकमेकांवर न चढणारी) डिस्क मागितली. एसएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर चढवलेल्या डिस्कवर एकीकडे लिहीत असताना दुसरीकडे जुनं पुसायला घेतलं की तिचा वेग कोसळतो, आणि रेकॉर्डरचं काम नेमकं तेच आहे. पहिल्या आठवड्यात मोठं रेकॉर्डिंग चालू असताना डिस्क मध्येच गायब व्हायची. लॉगमध्ये यूएएसच्या (यूएसबी डिस्कशी जलद बोलण्याच्या पद्धतीच्या) चुका दिसत होत्या. केसमधल्या चिपचा आयडी पाहून कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूट ओळीत तिच्यापुरतं यूएएस बंद केलं, साध्या यूएसबी स्टोरेजवर आणलं, तेव्हापासून एकही खंड नाही.

आणखी एक गोष्ट जरूर करा. डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीत फॉरमॅट करताना ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य वापरकर्त्यासाठी) राखून ठेवली जाते. ४ टीबीवर ते २०० जीबी होतात! निव्वळ रेकॉर्डिंगच्या डिस्कवर त्याची गरज नाही; ट्यून२एफएस या आज्ञेने राखीव टक्का शून्य केला. चॅनेलचा बिटरेट ४ एमबीपीएस धरला तर तासाला १.८ जीबी लागतात, म्हणजे नुसत्या त्या २०० जीबीत शंभराहून जास्त तास मावतात.

ट्यूनर एकच असला तरी फार काळजी करू नका. ट्यूनर चॅनेल पकडत नाही, अख्खा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरून एकत्र येणारा अनेक चॅनेलांचा गठ्ठा पकडतो. १८८ बाइटच्या पुड्यांची एकच रांग येते, प्रत्येक पुडीवर पीआयडी नंबर असतो, आणि टीव्हीहेडएंड त्या नंबरांवरून प्रत्येक चॅनेलच्या पुड्या वेगळ्या काढतं. त्यामुळे एकाच ट्रान्सपॉन्डरवरचे तीन कार्यक्रम एका वेळी रेकॉर्ड होतात. विकतच्या बॉक्समध्ये हे सुख मला कधी मिळालं नव्हतं. वेळापत्रकाच्या बाबतीत मी ईपीजीवर (सिग्नलबरोबर येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर) न विसंबता घड्याळावर टायमर लावतो, आधी ५ आणि नंतर १५ मिनिटं जास्त धरून. आईच्या सात वाजताच्या बातम्यांनंतर काय किती लांबेल ते सांगता येत नाही. खासगी चॅनेलांच्या जागा लिलावाने जातात, त्यामुळे यादी हलते. ती हलली की सगळे मक्स (हेच ट्रान्सपॉन्डरचे गठ्ठे) पुन्हा स्कॅन करायचे.

आता डिश. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. ठाण्यातून गणित केलं तर दिशा साधारण १३१ अंश, म्हणजे आग्नेयेला, ढोबळमानाने ऐरोलीकडे. आणि उंची साधारण ५७ अंश. एवढ्या उंचीमुळे समोरची इमारत आड येत नाही, हे आपलं भाग्य. गच्चीवर ६० सेंटिमीटरची डिश होती. उन्हाळ्यात चित्र काचेसारखं स्वच्छ, पण केयू बँडला (डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्यांना) पाऊस सोसत नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला टीव्हीहेडएंडमध्ये एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) उतरताना आणि कंटिन्युइटी एरर (हरवलेल्या पुड्या) चढताना समोर दिसायचे, आणि फाइलमध्ये नेमक्या त्या जागी चौकोन फुटलेले. डिशवाला म्हणाला, "दादा, पाऊस झेलायचा तर नव्वदचीच लावा." त्याचं बरोबर होतं. ६० वरून ९० सेंटिमीटर म्हणजे साडेतीन डेसिबलची वाढ. धो धो पावसात अजूनही सिग्नल जातो, पण मध्यम पावसातली रेकॉर्डिंग आता अखंड येतात. केबलच्या एफ कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळली आणि एलएनबीच्या (डिशसमोरच्या रिसीव्हरच्या) खाली केबलला एक झोळ दिला, म्हणजे पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरकडे न जाता तिथेच गळून पडतं.

रेकॉर्डिंग मी मूळ टीएस फाइलमध्येच (आलेल्या पुड्या जशाच्या तशा) ठेवतो. ज्याला पेनड्राइव्हवर हवं त्याच्यासाठी वेगळी प्रत करतो, आणि ती करताना एक आग्रह धरतो: ५७६आय चित्र एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांत (फील्डमध्ये) येतं; ते डीइंटरलेस करायचं, म्हणजे त्याच्या पूर्ण फ्रेम करायच्या, तर सेकंदाला ५० फ्रेमवर, २५ वर नाही. बातम्यांखालची सरकती पट्टी दोन्हीकडे पाहा. २५ वर अक्षरं ठेचकाळत पुढे जातात, ५० वर तीच पट्टी सलग वाहते आणि वाचता येते. आईला फ्रेम, फील्ड यातलं काही सांगितलं नव्हतं; दोन्ही लावून दाखवल्यावर तिने ५० वालीच निवडली.

वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेल्या फाइलचा प्रश्न छोट्या यूपीएसने मिटला आहे. पायसुद्धा एसडी कार्डाऐवजी एसएसडीवरून बूट होतो.

पुढचं काम दुसऱ्या ट्यूनरचं. जुळा (दोन केबल घेणारा) एलएनबी आणून ठेवलाय, पण दुसरी आरजी-६ केबल गच्चीवरून डक्टमधून खाली आणायला सोसायटीच्या सेक्रेटरी काकांची परवानगी हवी. ते रविवारी डक्ट उघडून देणार आहेत. केबल आली की दोन ट्रान्सपॉन्डर एकदम रेकॉर्ड करताना पाय ४ चा यूएसबी किती ताण घेतो ते मोजून लिहीन.