समोरचे सगळे डिपर देतात

"लाइट खाली केले की रस्ता दिसत नाही, वर केले की समोरचे सगळे डिपर देतात," गाडीमालक वैतागून म्हणाले. आधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. एकाने स्क्रू फिरवून लाइट खाली केले, दुसऱ्याने तेच स्क्रू उलटे फिरवले.

अशा तक्रारीत माझा पहिला संशय बल्बवर असतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कोणीतरी एलईडी बल्ब कोंबलेला असतो, नाहीतर बल्ब खाचेत नीट बसलेला नसतो. मग स्क्रू कितीही पिळा, प्रकाश फाकणारच. पण ही गाडी प्रोजेक्टरवाली, म्हणजे दिव्यापुढे भिंग असलेली; आत कंपनीचेच झेनॉन, म्हणजे वायूचे प्रखर बल्ब, आणि तेही जागच्या जागी.

टायरमधली हवा पाहिली, गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर लावली. लो बीमची कड, म्हणजे भिंतीवर प्रकाश जिथे वर संपतो ती रेघ, दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटीमीटर खाली हवी. दोन्ही बाजूंची बरोबर तिथेच होती! क्षणभर वाटलं, साहेबांचाच काही गैरसमज झालाय.

मग विचारलं, "डिपर कधी देतात? रोज?"

"रोज नाही हो. घरचे सगळे बरोबर असले की."

हे आधीच्या दोघांनी विचारलंच नसावं. मी गॅरेजमधल्या दोन पोरांना मागच्या सीटवर बसवलं आणि डिकीत दोन जुन्या बॅटऱ्या ठेवल्या. गाडीचं बूड पाचेक सेंटीमीटर दबलं आणि भिंतीवरची कड चढत चढत दिव्याच्या मध्यरेषेच्याही वर गेली. मागून एवढंसं दबलं तरी १० मीटरवर जवळजवळ वीतभर फरक पडतो. पण आता कड आपोआप खाली यायला हवी होती. ल्युमेन हे प्रकाशाचं माप; २००० ल्युमेनच्या वरच्या अशा झेनॉन दिव्यांना आपोआप लेव्हल होण्याची सोय लागते, ती याच कामासाठी. मिनिट गेलं, दोन गेली. कड हलेना.

मोटरी मात्र ठीक होत्या. गाडी चालू करताना दोन्ही दिवे खाली-वर मान हलवत होते. म्हणजे हात धडधाकट, डोळा फुटलेला. गाडी लिफ्टवर घेतली.

मागच्या सस्पेन्शनजवळ लेव्हल सेन्सर असतो. त्याचा छोटा दांडा एका कांडीने सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो. गाडी दबली की दांडा फिरतो. इथे कांडीच्या टोकाची प्लास्टिकची वाटी तुटलेली, कांडी गायब, आणि दांडा काळ्या केबल टायने ब्रॅकेटला घट्ट आवळलेला. टाय चांगला नवा होता. काही महिन्यांपूर्वी मागचे शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलल्याचं साहेबांना तेव्हा आठवलं.

बांधणाऱ्याचं डोकं मानलं. दांडा लोंबकळला असता तर बहुधा डॅशबोर्डवर चेतावणीचा दिवा लागला असता. बांधल्यामुळे गाडी कायम रिकामीच आहे, असं सेन्सर इमानेइतबारे सांगत राहिला. बाकीचे स्क्रू पिळत बसले.

नवी कांडी बसवली, गाडी रिकामी करून स्कॅनरने सेन्सरचं शून्य पुन्हा ठरवलं आणि मगच स्क्रूला हात लावला. पोरं परत मागे बसली. कड वर गेली, काही सेकंद थांबली आणि सावकाश खाली सरकत आपल्या रेघेवर आली.

साहेबांनी पोरांना उतरवून पुन्हा बसायला लावलं. तीनदा.